सेनापती मंत्रिमंडळात कशासाठी?

प्रशियाचा सेनाधिकारी कार्ल फॉन क्लॉजविट्झ याच्या ‘युद्धाविषयी’ या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८५३ मध्ये निघाली, तेव्हा ग्रंथकर्त्याला जाऊन बावीस वर्षे झाली होती. आवृत्ती सिद्ध करताना त्याचा मेहुणा काउंट ब्रूल याने मूळ मजकुरात पुष्कळ ठिकाणी हात फिरवला. दुर्बोध वाक्ये सोपी केली, संदिग्ध शब्द बदलले. या दुरुस्त्यांपैकी एक मात्र निव्वळ भाषेची नव्हती. राज्यकर्ता आणि सेनानी ही एकच व्यक्ती नसेल तर सरसेनापतीला मंत्रिमंडळात स्थान द्यावे, असे क्लॉजविट्झने ग्रंथाच्या शेवटच्या भागात सुचविले होते. कशासाठी? तर सेनापतीच्या कृतीतील महत्त्वाच्या क्षणी मंत्रिमंडळाला त्यात सहभागी होता यावे यासाठी. नव्या आवृत्तीत हेच वाक्य उलटे झाले. मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या विचारविनिमयात आणि निर्णयांत सेनापतीला सहभागी होता यावे, असा त्याचा अर्थ झाला.

कचेरीत मसुदे लिहिणाऱ्या कोणालाही या फरकाचे मोल सांगावे लागणार नाही. ‘यांच्या संमतीने’ आणि ‘यांना कळवून’ या दोन शब्दप्रयोगांत अख्ख्या खात्याचा अधिकार इकडचा तिकडे होतो. मूळ वाक्यात सेनापतीच्या हालचालींवर मंत्रिमंडळाची नजर होती; बदललेल्या वाक्यात मंत्रिमंडळाच्या सत्तेत सेनापतीचा वाटा होता. वेर्नर हालवेग या जर्मन संशोधकाने १९५२ मध्ये पहिल्या आवृत्तीचा पाठ पुन्हा छापला, तेव्हा कोठे मूळ वाक्य सर्वांसमोर आले. मधल्या नव्व्याण्णव वर्षांत जर्मनीने बिस्मार्कची तीन युद्धे आणि दोन महायुद्धे लढली होती.

एका वाक्यातील फेरफारामुळे महायुद्धे पेटली, असे कोणी म्हणणार नाही. पण हा फेरफार शंभर वर्षे कोणाला खटकला नाही, ही गोष्ट लहान नाही. ज्या अधिकारीवर्गाने तो ग्रंथ वाचला, त्याला ग्रंथात जे हवे होते तेच छापलेले मिळाले. आधुनिक युद्धविचाराचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास तो बऱ्याच अंशी याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. एकदा तोफा सुरू झाल्यावर सूत्रे कोणाच्या हाती असावीत? प्रश्न अवघड आणि उत्तर गैरसोयीचे. म्हणून तो विचारण्याची गरजच भासू नये असे एखादे हमखास सूत्र शोधण्याचा उद्योग या काळात अखंड चालू राहिला.

जेनाचा धडा

क्लॉजविट्झचा जन्म १७८० सालचा, माग्डेबुर्गजवळच्या बुर्ग गावातला. बाराव्या वर्षी तो सैन्यात दाखल झाला आणि तेराव्या वर्षी माइन्झच्या वेढ्यात त्याने प्रत्यक्ष लढाई पाहिली. त्या काळी युद्धशास्त्र ही भूमितीची एक शाखा आहे असे मानण्याकडे कल होता. सैन्ये लहान, पगारी आणि महाग; त्यामुळे लढाई टाळून नुसत्या हालचालींनी शत्रूला पेचात पकडणे हे सेनापतीचे कसब समजले जाई. ब्यूलो नावाच्या लेखकाने तर पुरवठ्याच्या तळापासून लक्ष्यापर्यंत जाणाऱ्या रेषांचा कोन किमान नव्वद अंशांचा असला पाहिजे, असा नियमच घालून दिला होता. हे सारे गणित १४ ऑक्टोबर १८०६ या एका दिवसात कोसळले. जेना आणि आउअरश्टेट येथे नेपोलियनच्या फौजांनी फ्रेडरिक महानाच्या सैन्याचा धुव्वा उडविला आणि त्यानंतर लौकरच क्लॉजविट्झ युद्धकैदी म्हणून फ्रान्समध्ये गेला.

पराभवाची कारणे शोधताना प्रशियातील बहुतेकांनी रांगा, कवाईत आणि तोफा यांचा हिशेब मांडला. शार्नहोर्स्ट हा क्लॉजविट्झचा गुरू आणि त्याचे सहकारी यांनी वेगळाच निष्कर्ष काढला. फ्रेंच जिंकले ते त्यांचे कोन अचूक होते म्हणून नव्हे. १७९३ च्या सक्तीच्या लष्करभरतीने फ्रान्समध्ये युद्ध ही राजाची खाजगी बाब न राहता साऱ्या राष्ट्राची झाली होती. रणांगणावरील बदलाचे मूळ रणांगणाबाहेर, राज्यव्यवस्थेत होते. युद्ध हे राजकारणाचेच अन्य साधनांनी चालविलेले रूप आहे, या क्लॉजविट्झच्या सिद्धान्ताचा उगम या अनुभवात आहे. तो अनेकांना युद्धखोरीचा पुरस्कार वाटला. वस्तुतः त्यात आवाहन नाही, निदान आहे. युद्धाला स्वतःचे व्याकरण असेल, पण काय बोलायचे ते राजकारण ठरविते, असा त्याचा आशय.

याच माणसाच्या आयुष्यात एक विसंगतीही आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाने नेपोलियनशी तह केला, तेव्हा क्लॉजविट्झ राजीनामा देऊन रशियाच्या सेवेत गेला. वर्षअखेरीस टाउरोगेन येथे प्रशियाचा सेनापती यॉर्क याने राजाच्या आज्ञेवाचून रशियनांशी परस्पर समझोता केला. त्या वाटाघाटीत मध्यस्थ होता क्लॉजविट्झ. सैन्याने राजसत्तेच्या अधीन राहावे हे सांगणारा विचारवंत अशा रीतीने एका ऐतिहासिक आज्ञाभंगाचा भागीदार होता. राजाने त्याला पुढे कधी पूर्ण विश्वासात घेतले नाही. १८१८ मध्ये तो बर्लिनच्या युद्धविद्यालयाचा संचालक झाला, पण काम कारभाराचे होते, शिकविण्याचे नव्हते. तेथील बारा वर्षांच्या काहीशा सक्तीच्या स्वस्थतेत हा ग्रंथ लिहिला गेला.

लिहिला गेला म्हणजे पुरा झाला असे नव्हे. १८२७ मध्ये त्याच्या लक्षात आले की, शत्रूला पुरते लोळविण्यासाठी लढलेले युद्ध आणि सीमेवरचा एखादा प्रांत मिळविण्यापुरते लढलेले युद्ध यांना एकच मोजपट्टी लावणे चूक आहे. या दृष्टीने सारे हस्तलिखित पुन्हा लिहायचे त्याने ठरविले. १८३० मध्ये बदली झाल्यामुळे कागदांची पुडकी मोहोरबंद करून तो गेला आणि १८३१ च्या नोव्हेंबरात ब्रेस्लाउ येथे पटकीने वारला. पहिल्या भागाचे पहिले प्रकरण तेवढे त्याच्या मनासारखे उतरले होते. पत्नी मेरी हिने १८३२ पासून ते लेखन प्रसिद्ध केले. युद्धावरच्या ग्रंथाला एका स्त्रीची प्रस्तावना पाहून वाचक चकित होतील, हे तिने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. ती पुढे आली नसती तर आज क्लॉजविट्झ हे नाव प्रशियन लष्कराच्या सेवापुस्तकातच राहिले असते.

त्याच्या ग्रंथातील ‘घर्षणा’ची कल्पना समजण्यासाठी लढाईवर जाण्याची गरज नाही. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकाला ती पुरती ठाऊक असते. कागदावर सगळी व्यवस्था चोख असते. प्रत्यक्षात जीप दोन तास उशिरा येते, मतदानपेटीचे साहित्य एका केंद्राचे दुसऱ्या केंद्रावर जाते, रात्री दिवा नसतो. यात कोणतीच गोष्ट अवघड नसते आणि तरीही सर्व मिळून सोपी गोष्ट अवघड होते. युद्धात याच्या जोडीला भीती, थकवा आणि जीव घ्यायला टपलेला शत्रू असतो. म्हणून युद्धाचे शास्त्र सेनापतीच्या हातात नियमांचे पुस्तक देऊ शकत नाही, त्याची विवेकशक्ती तेवढी तयार करू शकते, असे क्लॉजविट्झ म्हणतो.

नियमांची ओढ

पण पुस्तक हवेच होते. ते दिले आंत्वान जोमिनी याने. हा स्वित्झर्लंडचा रहिवासी प्रथम नेपोलियनच्या आणि १८१३ नंतर रशियाच्या सेवेत होता. शत्रूच्या निर्णायक स्थानावर आपले अधिकांत अधिक बळ एकवटावे, आतल्या जवळच्या मार्गांचा लाभ घ्यावा, अशी सुटसुटीत तत्त्वे त्याने सांगितली. १८३८ चा त्याचा ग्रंथ अनेक देशांच्या लष्करी शाळांत शिरला. यात नवल नाही. नियम फळ्यावर लिहिता येतो, पाठ करता येतो आणि परीक्षेत विचारता येतो. ‘परिस्थिती पाहून ठरवावे’ या उत्तराला गुण किती द्यायचे, हा पेच कोणत्याही अध्यापकाला सुटलेला नाही. जोमिनीची तत्त्वे खोटी नव्हती. मात्र युद्ध कशासाठी लढायचे हा प्रश्न त्यांच्या चौकटीत नीट मावत नव्हता, आणि लष्करी मनाला हीच मोठी सोय वाटली.

प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख हेल्मुट फॉन मोल्टके हा क्लॉजविट्झला मानणारा होता. आगगाडी आणि तारायंत्र यांनी युद्धाचे प्रमाणच बदलून गेले आहे हे त्याने सर्वांआधी ओळखले. दूरदूरच्या स्थानकांवरून निघालेली सैन्ये थेट रणभूमीवर एकत्र आणण्याचे त्याचे तंत्र ३ जुलै १८६६ रोजी सादोवा येथे ऑस्ट्रियाविरुद्ध फळाला आले. विजयानंतर राजाला आणि सेनाधिकाऱ्यांना व्हिएन्नापर्यंत जायचे होते. बिस्मार्कने हट्टाने त्यांना रोखले आणि ऑस्ट्रियाची वीतभर भूमीही प्रशियाला न जोडता तह केला. चार वर्षांनी प्रशिया फ्रान्सशी भिडली तेव्हा ऑस्ट्रिया तटस्थ राहिला. सादोवाचा विजय मोल्टकेचा; पण तो पचविला बिस्मार्कने.

१८७०-७१ च्या युद्धात या दोघांचे उघड बिनसले. पॅरिसचा वेढा लांबत चालला होता. शहरावर तोफा कधी डागायच्या, तह कोणाशी आणि कोणत्या अटींवर करायचा, यांवरून वाद पेटला. राजकारणाने युद्ध सुरू करावे, शेवटी त्याचे फळ घ्यावे, पण मधल्या काळात रणनीतीच्या कामात लुडबूड करू नये, असे मोल्टकेचे मत होते. लष्करी बैठकांपासून चॅन्सेलरला दूर ठेवण्याची खबरदारीही घेतली जात असे. अखेर जानेवारी १८७१ मध्ये राजाने बिस्मार्कच्या बाजूने कौल दिला. निकाल योग्य लागला, पण तो राजाच्या आणि बिस्मार्कच्या व्यक्तिमत्त्वामुळे लागला; व्यवस्थेत त्याची तरतूद झाली नाही. पुढे राजा वेगळा होता आणि बिस्मार्क नव्हता.

वेळापत्रकाचे राज्य

१८९१ ते १९०५ या काळात जनरल स्टाफचे प्रमुखपद सांभाळणारा आल्फ्रेड फॉन श्लीफेन हा अत्यंत कष्टाळू आणि एकाग्र मनुष्य. फ्रान्स आणि रशिया यांच्याशी एकाच वेळी लढावे लागले तर काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न. इसवी सनापूर्वी २१६ मध्ये कॅनी येथे हॅनिबलने रोमन सैन्याला कसे वेढले याचा त्याला ध्यास लागला होता. बेल्जियममधून प्रचंड वळसा घालून फ्रान्सला काही आठवड्यांत गुडघे टेकायला लावायचे आणि मग आगगाड्यांनी सैन्य पूर्वेकडे वळवायचे, असा विचार त्याने मांडला. तो विचार काटेकोर योजना होता की सैन्यवाढीसाठी लिहिलेले टिपण, यावर अलीकडे इतिहासकारांत वाद आहे. पण १९१४ चे वेळापत्रक याच विचाराच्या वंशातले होते, याविषयी फारसे दुमत नाही. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहाने प्रशियानेही दिलेली होती आणि ती मोडताच ब्रिटन युद्धात उतरण्याचा धोका होता. हा प्रश्न राजकारणाचा होता. त्याचे उत्तर मात्र रेल्वे विभागात ठरले. एप्रिल १९१३ पासून तर पूर्वेकडे मुख्य फौज नेण्याची पर्यायी योजना दरसाल अद्ययावत करणेही थांबले.

१ ऑगस्ट १९१४ ची संध्याकाळ या दृष्टीने कायमची लक्षात ठेवण्यासारखी आहे. फ्रान्सवर हल्ला न झाल्यास ब्रिटन तटस्थ राहील, अशा अर्थाची तार लंडनहून जर्मन राजदूताने पाठविली. कैसर विल्हेल्म आनंदला आणि सर्व सैन्य पूर्वेकडे वळविण्यास त्याने सांगितले. जनरल स्टाफचा प्रमुख हा थोरल्या मोल्टकेचा पुतण्या होता, नावही तेच. त्याचे उत्तर ठाम होते : हे अशक्य आहे, लाखो सैनिकांची जुळणी ऐनवेळी बदलता येत नाही, वर्षभर खपून केलेली मांडणी मोडली तर हाती सैन्य नव्हे, सशस्त्र गर्दी उरेल. तुझ्या चुलत्याने मला वेगळे उत्तर दिले असते, असे कैसर कडवटपणे बोलला म्हणतात. त्याच रात्री तार गैरसमजातून निघाल्याचे कळले आणि गाड्या पश्चिमेकडे चालू राहिल्या. साम्राज्याच्या चॅन्सेलरला लिएजच्या किल्ल्यांवर तातडीने झडप घालण्याची योजना कळली ती जेमतेम एक दिवस आधी.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. जर्मन रेल्वे विभागाचा माजी प्रमुख जनरल फॉन श्टाब्स याने १९२५ मध्ये एक पुस्तकच लिहून दाखवून दिले की, त्या संध्याकाळी आज्ञा मिळाली असती तर मोठी फौज पूर्वेकडे वळविणे शक्य होते. त्याला लागलेली टोचणी मुख्यतः व्यावसायिक होती. आपल्या खात्याला एखादे काम जमले नसते हा आरोप त्याला सहन झाला नाही. पण तोपर्यंत या युद्धात सुमारे नव्वद लाख सैनिक मेले होते.

पराभवातून जर्मन सेनानींनी काय घेतले? १९१६ नंतर देशाचा कारभार प्रत्यक्षात ज्याच्या हाती होता, त्या ल्यूडेनडॉर्फने १९३५ मध्ये ‘संपूर्ण युद्ध’ या पुस्तकात क्लॉजविट्झला सरळ मोडीत काढले. राजकारणानेच युद्धाची सेवा केली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष. १८५३ च्या वाक्याला जे चोरून म्हणायचे होते, ते त्याने उघडपणे म्हटले. याच्या उलट हान्स डेलब्रुक हा बिगरलष्करी इतिहासकार कित्येक वर्षे सांगत होता की, शत्रूचा समूळ उच्छेद हीच एक रणनीती नव्हे. त्याला थकवून, झिजवून वाटाघाटीला आणणे हीसुद्धा तितकीच प्रतिष्ठित रणनीती आहे, आणि फ्रेडरिक महान याच मार्गाने टिकला. जनरल स्टाफच्या इतिहासलेखकांनी या प्राध्यापकाला धारेवर धरले. औरंगजेबाच्या सव्वीस वर्षांच्या दक्षिण मोहिमेचे काय झाले हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला डेलब्रुकचे म्हणणे पटवून घ्यायला फारसे श्रम पडू नयेत.

नवी यंत्रे, जुनी आशा

सॉमच्या लढाईत १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे एकोणीस हजारांहून अधिक जवान मेले. असे पुन्हा घडू नये ही तळमळ युद्धोत्तर विचारवंतांच्या मुळाशी होती, हे त्यांच्या चुका मोजताना विसरता कामा नये. फुलरने रणगाड्यांवर भर दिला. लिडेल हार्टने शत्रूच्या छातीवर न जाता त्याचा तोल घालविणारी आडवाट सुचविली आणि सॉमच्या कत्तलीचे पाप, बऱ्याच अन्यायाने, क्लॉजविट्झच्या माथी मारले. इटलीचा जुलिओ दुहे याने १९२१ मध्ये याहून जवळची वाट दाखविली : सैन्याला वगळून थेट शत्रूच्या शहरांवर बाँब टाकावे, नागरिकांचा धीर सुटेल आणि युद्ध झटपट संपेल. लंडनचा धीर सुटला नाही, हँबुर्गचाही नाही. जर्मनीचे शस्त्रोत्पादन तर सर्वाधिक झाले ते १९४४ मध्ये, शहरांवर बाँबचा वर्षाव चालू असतानाच.

या गर्दीत एक नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. अलेक्सांद्र स्वेचिन हा झारच्या सैन्यातील सेनापती क्रांतीनंतर लाल सेनेत प्राध्यापक झाला. ‘रणनीती’ या १९२६ च्या ग्रंथात त्याने बजावले की, झटपट निर्णायक युद्धाचे स्वप्न पाहण्यापूर्वी देशाच्या राज्यकर्त्यांनी आपले अर्थबळ, भूभाग आणि राजकीय हेतू तपासावेत. सोव्हिएत संघाला दीर्घकाळ झिजविणाऱ्या युद्धाची तयारी ठेवावी लागेल. आक्रमणाचा पुरस्कर्ता टुखाचेव्हस्की याने १९३१ मध्ये त्याच्यावर विचारद्रोहाचे आरोप ठेवले. पुढे स्टालिनच्या राजवटीने आरोप करणाऱ्याला १९३७ मध्ये आणि आरोपीला १९३८ मध्ये गोळ्या घातल्या. १९४१ च्या जूनमध्ये जर्मन सैन्य सीमा ओलांडून आले, तेव्हा स्वेचिनने सांगितलेल्या युद्धाला सुरुवात झाली. ते सांगणारा उरला नव्हता.

माओने येनानच्या मुक्कामात १९३८ मध्ये दीर्घ युद्धावर जी व्याख्याने दिली, त्यांत क्लॉजविट्झचा सिद्धान्त शिरोभागी आहे. दुबळा पक्ष प्रथम माघार घेतो, मग कोंडी करतो आणि अखेर उलटतो. या सर्व काळात शेतकऱ्यांत राजकीय काम चालूच असते, कारण बंदुकीमागचा हेतू विझला तर बंदूक निरुपयोगी ठरते. व्हिएतनामने हा धडा अमेरिकेला दिला. एप्रिल १९७५ मध्ये हॅनोईत कर्नल समर्स या अमेरिकन अधिकाऱ्याने एका व्हिएतनामी कर्नलला ऐकविले की, रणांगणावर तुम्ही आम्हांला कधीच हरविले नाही. खरे असेल, पण त्याने काही फरक पडत नाही, असे उत्तर आले. समर्सने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात क्लॉजविट्झच्या कसोट्या लावून आपल्याच सैन्याची चिकित्सा केली. त्याआधी १९७६ मध्ये हॉवर्ड आणि पॅरेट यांचे नवे इंग्रजी भाषांतर निघाले होते. त्यात ते बदललेले वाक्य मूळ रूपात होते.

हिरोशिमानंतर मात्र शब्दांच्या फरकाला जीवनमरणाचे वजन आले. आजवर लष्कराचे मुख्य काम युद्धे जिंकण्याचे होते, यापुढे ती टाळण्याचे राहील, हे बर्नार्ड ब्रोडी या अमेरिकन अभ्यासकाने १९४६ मध्येच ओळखले. १९५१ मध्ये कोरियातील युद्ध चीनपर्यंत नेऊ पाहणाऱ्या मॅकआर्थरला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी पदावरून दूर केले. तेव्हा लोकमत सेनापतीच्या बाजूने होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवर हवाई हल्ला करावा असा आग्रह वायुदलप्रमुख लीमे आणि अन्य सेनाप्रमुखांनी धरला होता. केनेडी यांनी नाकेबंदीचा मार्ग पत्करला. १९१४ च्या ऑगस्टवरचे बार्बरा टकमन यांचे पुस्तक त्यांनी त्याच वर्षी वाचले होते आणि तशी नामुष्की आपल्या वाट्याला येऊ नये असे ते बोलून दाखवीत. क्यूबात अण्वस्त्रे वाहणारी लहान पल्ल्याची शस्त्रे आधीच पोहोचली होती, हे अमेरिकेला कित्येक वर्षांनी कळले. हल्ला झाला असता तर त्याचे वेळापत्रक कोठे जाऊन थांबले असते, याचा हिशेब कोणत्याच सेनाप्रमुखाच्या टिपणात नव्हता.

भारताचा हिशेब

यावरून राज्यकर्ता नेहमी शहाणा आणि सेनापती नेहमी उतावीळ, असा अर्थ कोणी काढू नये. राजकारणाचा युद्धावर प्रभाव असणे हा दोष नसून राजकारण चुकीचे असणे हा दोष आहे, असे क्लॉजविट्झनेच म्हटले आहे. त्याचे उदाहरण भारताने १९६२ मध्ये दिले. हिमालयात पुढे पुढे चौक्या उभारण्याचे धोरण दिल्लीत ठरले. त्या चौक्यांना दारूगोळा, लोकरी कपडे आणि रस्ता कसा मिळणार याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. सेनाधिकाऱ्यांचे आक्षेप बाजूला सारले गेले, आणि ज्यांनी ते रेटून धरायला हवे होते त्यांतील काहींनी मौन पत्करले. नामका चू नदीच्या काठी २० ऑक्टोबरच्या सकाळी जवानांच्या एका ब्रिगेडने त्याची किंमत मोजली. येथे मंत्रिमंडळ सेनापतीच्या कृतीत सहभागी होते; फक्त सेनापतीचे ज्ञान मंत्रिमंडळापर्यंत पोहोचत नव्हते.

१९७१ मध्ये ते पोहोचले. पूर्व बंगालमध्ये लगेच सैन्य घालण्यास आपण एप्रिलमध्ये नकार दिला, पावसाळा आणि हिमालयातील खिंडी यांची कारणे सांगितली आणि राजीनामाही देऊ केला, ही हकीकत जनरल माणेकशा रंगवून सांगत. सरकारलाही तेव्हा लगेच युद्ध नकोच होते, असे दाखवून इतिहासकारांनी तिच्यातले नाट्य पुढे बरेच कमी केले आहे. पण नाट्य वजा केल्यावर उरते तेच अधिक मोलाचे. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार, जगभर मुत्सद्देगिरी, निर्वासितांची व्यवस्था आणि सैन्याची जुळणी ही कामे एकाच घड्याळावर चालली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि दुसऱ्याच दिवशी भारताने पश्चिम आघाडीवर एकतर्फी युद्धबंदी केली. विजयाच्या ऐन भरात थांबण्याचा हा निर्णय सादोवानंतरच्या बिस्मार्कच्या जातीचा होता.

कारगिलमध्ये १९९९ साली हीच शिस्त फार महाग पडली. नियंत्रणरेषा ओलांडायची नाही, ही मर्यादा सरकारने सैन्याला घातली आणि वायुदलालाही ती लागू झाली. तोलोलिंग आणि टायगर हिलवर बसलेल्या शत्रूचा पुरवठा मागून तोडण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. खालून वर, उघड्या कड्यांवरून चढावे लागले. ५२७ जवान आणि अधिकारी कामी आले. अण्वस्त्रधारी शेजाऱ्याशी लढताना युद्ध पसरू न देणे, जगाचे मत आपल्या बाजूला ठेवणे आणि ४ जुलैला वॉशिंग्टनमध्ये नवाझ शरीफ यांना माघार कबूल करावी लागणे, हे सारे त्या मर्यादेचे फळ होते, हे मान्य केले तरी तिची किंमत ज्या घरांनी दिली त्यांच्यासमोर सिद्धान्ताची भाषा तोकडी पडते. कमी जीव गमावून हेच साधले असते काय, हा प्रश्न विचारणाऱ्या सेनाधिकाऱ्याला उद्धट ठरविण्याचा अधिकार कोणाला नाही.

कारगिलनंतर नेमलेल्या समितीच्या अहवालावर विचार करताना मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक संरक्षणप्रमुख असावा अशी शिफारस केली. ती अमलात येण्यास अठरा वर्षे लागली. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांनी हे पद स्वीकारले. संरक्षणमंत्र्यांचा तिन्ही दलांविषयीचा प्रमुख लष्करी सल्लागार आणि मंत्रालयातील लष्करी व्यवहार विभागाचा सचिव, अशा दोन्ही खुर्च्या या अधिकाऱ्याकडे आहेत. सल्लागार म्हणून तो लष्कराचे ज्ञान शासनाकडे नेतो, सचिव म्हणून शासनाचा हुकूम लष्कराकडे आणतो. कोणत्या वेळी तो कोणत्या खुर्चीवरून बोलतो आहे, हे ओळखण्याचे काम मंत्र्यांचे. सेनादलप्रमुखांवर किंवा अन्य कोणावरही त्याला प्रत्यक्ष लष्करी हुकमत चालविता येणार नाही, असे पद निर्माण करतानाच्या निवेदनात स्पष्ट म्हटलेले होते. अण्वस्त्रांच्या वापराचा अधिकार तर जानेवारी २००३ च्या धोरणानुसार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय मंडळाकडेच ठेवलेला आहे. ८ डिसेंबर २०२१ रोजी हेलिकॉप्टरच्या अपघातात जनरल रावत यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा महिने, ती खुर्ची रिकामी होती.